सी यू अगेन (चित्रपटगीत)

'सी यू अगेन' हे अमेरिकन रॅपर विझ खलिफा आणि गायक चार्ली पुथ यांचे पॉप रॅप शैलीतील संयुक्त गीत असून, मार्च 2015 मध्ये ते 'फ्युरिअस 7' या चित्रपटाच्या गीतसंग्रहातील सिंगल, म्हणजे स्वतंत्रपणे प्रकाशित केलेले गीत, म्हणून प्रसिद्ध झाले. मराठी घरात निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतात, त्यातला भाव या शीर्षकाच्या बराच जवळचा आहे. मात्र येथे ज्याला निरोप द्यायचा तो परतणार नाही, हे ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते.

'फ्युरिअस 7' ज्या 'फास्ट अँड फ्युरिअस' चित्रपटमालिकेचा भाग आहे, तिच्यातील प्रमुख अभिनेता पॉल वॉकर याचा 30 नोव्हेंबर 2013 रोजी कॅलिफोर्नियात मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा चित्रीकरण अपुरे होते. उरलेली दृश्ये त्याच्या दोन भावांना उभे करून आणि संगणकीय चित्रणाच्या साहाय्याने पूर्ण करण्यात आली. शेवटच्या प्रसंगात दोन मोटारी काही अंतर शेजारी शेजारी धावतात आणि रस्त्याला फाटा फुटताच वेगळ्या होतात. त्यावर हे गीत वाजते. कथेतील पात्र मरत नाही, निरोप मात्र खऱ्या माणसाला दिला जातो, आणि गीताचा परिणाम बराचसा या दुहेरी अर्थावर उभा आहे. पुथने ध्रुवपद रचताना अपघातात गमावलेल्या स्वतःच्या मित्राची आठवण मनाशी धरली होती.

रचना साधी आहे. पियानोच्या मोजक्या सुरांवर पुथ ध्रुवपद गातो, खलिफा कडवी तालात म्हणतो, आणि लय मिनिटाला सुमारे 80 ठोके इतकी संथ राहते. होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील जुन्या श्रोत्याला ही विभागणी परकी वाटण्याचे कारण नाही, कारण नारदीय कीर्तनातही गायलेले पद आणि बोललेले निरूपण एकमेकांना जागा देत पुढे सरकतात. अर्थात निरूपण गद्य असते. यमके आणि अनुप्रास साधत तालावर झपाट्याने म्हटले जाणारे कवी अमृतरायांचे कटाव रॅपच्या अधिक जवळ जातात. कटावाचा रोख मात्र वर्णनाकडे असतो, तर खलिफाची कडवी थेट गेलेल्या मित्राशी बोलतात. पुथ आणि खलिफा या दोघांच्या सहभागाला अर्थ येतो तो इथेच: शोक गायकाकडे आहे, आठवणी सांगण्याचे काम रॅपरकडे.

बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या 'हॉट 100' या लोकप्रिय गीतांच्या यादीत हे गीत खंडित स्वरूपात एकूण 12 आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारांसाठी त्याला तीन नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. जुलै 2017 मध्ये त्याच्या चित्रफितीने 'गंगनम स्टाईल'ला मागे टाकून यूट्यूबवर सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या चित्रफितीचे स्थान मिळवले, पण महिनाभराच्या आतच 'डेस्पासितो'ने ते हिरावून घेतले.

इंदुरातील मराठी तरुणांपर्यंत हे गीत मूळ इंग्रजीतच पोहोचले. शाळा-महाविद्यालयांच्या निरोप समारंभांसाठी ते सोयीचे आहे, कारण ध्रुवपद कमी शब्दांचे असून सगळ्यांना मिळून उचलता येते. कडवी म्हणायला मात्र इंग्रजी शब्दांवर जीभ बसलेली आणि श्वासावर ताबा असलेली एखादीच व्यक्ती लागते.