सहाव्या वर्षी येणारी दाढ

मुलाचा पहिला दात पडला की घरभर त्याचे कौतुक होते, पण त्याच सुमारास तोंडाच्या मागच्या बाजूला जी दाढ वर येते तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास, वर दोन आणि खाली दोन अशा चार कायमच्या दाढा दुधाच्या दाढांच्या मागे उगवतात. त्यांना जागा करून देण्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे त्या आल्याचे कळतही नाही. पुढे अशा दाढेवर काळा डाग दिसला तरी ‘दुधाचीच आहे, पडून जाईल’ असे म्हणून घरचे निर्धास्त राहतात. ती पडत नाही, आणि किडल्यामुळे काढावी लागली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

ती ओळखणे अवघड नाही. पुढच्या दोन दातांमधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत गेल्यास दुधाचे दात पाचच भरतात (पडलेल्या दाताची रिकामी जागाही मोजावी). सहाव्या जागी काही असेल, तर ते आयुष्यभरासाठी आलेले आहे.

या दाढेला कीड लवकर का लागते, याचे उत्तर तिच्या घडणीतच आहे. तिच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात आणि त्यातल्या काही इतक्या चिंचोळ्या असतात की ब्रशचा एक केसही त्यांच्या तळाशी पोहोचत नाही. हिरडीतून डोके वर काढल्यापासून समोरच्या जबड्यातल्या दाढेला टेकेपर्यंत कित्येक महिने जातात. या काळात ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असल्याने सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून निघून जातो, आणि चावण्याच्या घर्षणाने होणारी सफाईही तिच्या वाट्याला येत नाही. म्हणून या दिवसांत गालाच्या बाजूने ब्रश आडवा आत घालून ती दाढ वेगळी घासावी लागते. हे काम सहा वर्षांच्या मुलाच्या हातून नीट होत नाही. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत रात्रीचा ब्रश तरी मोठ्यांनीच करून दिला पाहिजे.

कीड म्हणजे मुळात आम्लाने होणारी दाताची झीज. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स आणि त्यासारखे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. दातावर साचलेल्या जिवाणूंच्या थराचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दंतवल्कातले, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातले, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि खनिजे परत दातात बसवते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. म्हणूनच साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, हे अधिक महत्त्वाचे ठरते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला की मुलांच्या हाती सरबताची बाटली येते आणि दुपारभर घोट घोट चालू राहतो. लाळेला उसंतच मिळत नाही. जेवणानंतर लगेच खाल्लेली संत्रा बर्फी त्या मानाने परवडली, असे माझे स्पष्ट मत आहे. बाटलीत साधे पाणी द्यावे आणि सरबत एकदाच, पेल्यातून, बसून प्यायला द्यावे. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्री ब्रश केल्यावर दूधही नको.

फ्लोराइड बेताचे असेल तर दात टिकवते, जास्त झाले तर बिघडवते, म्हणून त्याबद्दल विदर्भात दोन्ही बाजूंनी बोलावे लागते. नागपूर शहराच्या नळाला येणारे पाणी पेंच जलाशयाचे आणि कन्हान नदीचे, म्हणजे भूपृष्ठावरचे असते, आणि अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत मात्र बोअरवेलच्या पाण्यात ते प्रमाणाबाहेर सापडते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तरच 1.5 पर्यंत चालते. या दाढेचे दंतवल्क जन्माच्या सुमारास घडू लागते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होते. त्या काळात फ्लोराइड जास्त पोटात गेले तर दाढ चट्टे घेऊनच उगवते. असे पाणी तुरटी आणि चुन्याने शुद्ध करण्याची ‘नालगोंडा’ पद्धत नागपूरच्याच ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केली आहे.

टूथपेस्टमधले फ्लोराइड ही वेगळी गोष्ट आहे. ते गिळण्यासाठी नसून दातावर बसून वल्काला आम्लापुढे टिकाव देण्यासाठी असते. मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते नसतेच, तेव्हा वेष्टनावर फ्लोराइड 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) लिहिले आहे का ते पाहावे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मुलाने फेस थुंकावा, पण भरपूर पाण्याने चूळ भरू नये.

दाढ पुरती वर आली की दंतवैद्याकडून तिच्या खाचा ‘सीलंट’ने बुजवून घेता येतात. दाढ स्वच्छ आणि कोरडी करून पातळ रेझिन (राळेसारखा घट्ट होणारा पदार्थ) खाचांत सोडतात आणि निळ्या प्रकाशाने ते घट्ट करतात. त्यासाठी सहसा दात कोरावा लागत नाही, इंजेक्शनही नसते. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे.

एवढ्यावरून दुधाच्या दाढा बिनकामाच्या ठरत नाहीत. त्या दहा ते बारा वर्षांपर्यंत जागा धरून असतात. शेवटची दुधाची दाढ किडून आधीच काढावी लागली, तर मागची ही सहाव्या वर्षीची दाढ रिकाम्या जागेत पुढे सरकते आणि तिथे यायचा दात अडतो किंवा वाकडा उगवतो. अशा वेळी दंतवैद्य त्या फटीत जागा राखणारी तारेची पट्टी बसवतात आणि खालचा दात वर येऊ लागला की ती काढून टाकतात.