गुणसूत्रे दुप्पट झाल्यानंतरचे खरे काम

घरच्या बागेत नवे वाण घडवू पाहणाऱ्यांना कोल्चिसिनचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. कोल्चिकम या कंदवर्गीय वनस्पतीत आढळणारे हे अल्कलॉइड (वनस्पतिजन्य रसायन) वनस्पतीची गुणसूत्रे दुप्पट करू शकते, हे ब्लेकस्ली आणि एव्हरी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये दाखवून दिले. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तर्कूतंतू ट्युब्युलिन या प्रथिनाचे बनलेले असतात. कोल्चिसिन या प्रथिनाला चिकटते, तर्कू तयार होत नाही आणि गुणसूत्रांच्या दोन्ही प्रती एकाच पेशीत राहतात. बिनबियांचे कलिंगड याच तत्त्वावर मिळते: २२ गुणसूत्रांच्या वाणापासून ४४ गुणसूत्रांचे झाड तयार करून त्याचा मूळ वाणाशी संकर केला, की ३३ गुणसूत्रांची, बहुतांशी वंध्य संतती येते.

मात्र कोल्चिसिनमध्ये भिजवलेल्या बियांतून आलेले प्रत्येक रोप चतुर्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच असलेले असेल, असे मानणे चुकीचे ठरेल. बहुतेक बियांमध्ये मुळाचे टोक आधी वाढू लागते आणि रसायनाचा घाव त्यालाच बसतो, म्हणून अनेक पैदासकार बीऐवजी कोवळ्या शेंड्यावर प्रक्रिया करणे पसंत करतात. तिथेही अडचण आहेच. सपुष्प वनस्पतींच्या शेंड्यातील वर्धी ऊतीचे (सतत विभागणाऱ्या पेशींच्या समूहाचे) थर बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे वाढत असल्याने एक थर दुप्पट झाला तरी दुसरा जसाच्या तसा राहू शकतो. पानावरची पर्णरंध्रे मोठी दिसणे ही गुणसूत्रे दुप्पट झाल्याची खूण असली, तरी त्यावरून केवळ सर्वांत बाहेरच्या थराची माहिती मिळते. परागकण आणि बीजांडे सामान्यतः त्याखालच्या थरातून तयार होतात. म्हणून नुसत्या जाड पानांवर भरवसा न ठेवता परागकणांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली मूळ वाणाशी ताडून पाहावा आणि निवडलेल्या प्रत्येक झाडाचे बी वेगळे राखावे. चतुर्गुणित रोपे अनेकदा सावकाश वाढतात आणि त्यांना बी कमी धरते, त्यामुळे पुढच्या काही पिढ्यांतील निवडीतच पैदासकाराचे खरे कसब लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची आहे. ट्युब्युलिन माणसाच्या पेशींतही असते, त्यामुळे कोल्चिसिनची थोडी जास्त मात्राही जीवघेणी ठरू शकते. जनुकांत उत्परिवर्तने (आनुवंशिक बदल) घडवण्यासाठी पैदासकार वापरतात ते इथाइल मिथेनसल्फोनेट हे दुसरे रसायन तर कर्करोगकारक मानले जाते. माझ्या मते ही दोन्ही रसायने घरात आणूच नयेत; ती सुसज्ज प्रयोगशाळेत, प्रशिक्षित व्यक्तींनीच हाताळावीत.

घरच्या प्रयोगांसाठी जिबरेलिक आम्ल हे वनस्पतींचे वाढ-संप्रेरक त्या मानाने पुष्कळ सौम्य आहे, परंतु त्याचे कार्य निराळे आहे. ते आनुवंशिकता बदलत नाही. काही जातींच्या बियांची सुप्तावस्था मोडून त्यांना उगवायला मदत करते, आणि मोठ्या कष्टाने मिळवलेल्या मोजक्या संकरित बियांच्या बाबतीत एवढे साहाय्यही मोलाचे असते. मात्रा अधिक झाल्यास रोपे उंच आणि लेचीपेची होतात. म्हणून अशा रोपांची उंची हा त्यांचा आनुवंशिक गुण समजू नये आणि सुरुवातीच्या वाढीवरून निवड करण्याची घाई करू नये.