घरोघरी निराळं म्याव

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर, सकाळी सातच्या सुमाराला चहाच्या टपरीपाशी आमची कुत्री-मांजरं पाळणारी मंडळी जमतात. त्यातल्या निम्म्यांची आडनावं मला आजही माहीत नाहीत. ब्रूनोचे बाबा, सिंबाची आई, दोन पगवाल्या काकू, एवढ्यावर आमचं भागतं. बोलणं सुरू होतं ते मात्र ठरलेल्या दोन शब्दांनी. आमचा ना, पाहुणे आले की चप्पल तोंडात धरून त्यांच्यापुढे नेऊन ठेवतो. आमची ना, पेपर उघडला की मी वाचत असते नेमकी त्याच बातमीवर येऊन बसते. आमचा ना, कुकरच्या पहिल्या दोन शिट्ट्यांना डोळाही उघडत नाही आणि तिसरीला उठून ओट्यापाशी हजर.

हे ऐकून घरच्यांचे कान किटलेले असतात. माझे किटत नाहीत. गेली काही वर्षं मी प्राण्यांच्या वर्तनावरचं संशोधन जमेल तसं वाचते आहे, आणि टपरीवरच्या या कौतुकात फार बारीक निरीक्षण असतं असं माझं ठाम मत झालंय. काही गोष्टी आपण अगदी बरोबर ओळखतो. काही साफ चुकतो, आणि चुकतो तिथे त्या मुक्या जिवाला सोसावं लागतं.

आधी मांजराचं. आमची बकुळा आता तेरा वर्षांची आहे. दार उघडून हवं असलं की तिचं म्याव वर चढत जातं, खाणं हवं असलं की दोनच तुटक आवाज. शेजारच्या काकूंचा बोका नेमका उलटा. त्याचं दाराचं म्याव आमच्याकडच्या खाण्याच्या म्यावसारखं आहे, त्यामुळे मी त्यांच्याकडे गेले की हमखास फसते. यात चूक माझ्या कानांची नाही. मोठी मांजरं आपापसांत म्याव करून क्वचितच बोलतात. त्यांचं चालतं ते वासावर, शेपटीवर, कानांच्या कोनावर, फिस्कारण्यावर. म्याव ही पिल्लाने आईला मारलेली हाक. माणसाच्या घरात राहणारं मांजर ती मोठेपणीही सोडत नाही, कारण माणूस तिला दाद देतो. कोणत्या आवाजाला आपली माणसं उठतात हे ते त्याच घरात शिकतं. म्हणून सगळ्या मांजरांची मिळून एक भाषा सापडत नाही. रेकॉर्ड केलेलं म्याव ऐकवून ‘हे काय मागतंय’ असं विचारलं, तर लोकांना स्वतःच्या मांजराचं ओळखता येतं, परक्याचं येत नाही.

घुरघुरीचं आणखी वेगळं. पहाटे पाच वाजता मांजर उशीशी येऊन घुरघुरतं आणि आपण मुकाट्याने उठून वाटीत खाणं ओततो, हे अनेक घरांत घडतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांच्या घरीही घडायचं. त्यांनी ती घुरघुर रेकॉर्ड करून तपासली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून कळलं की, खाणं मागताना मांजर नेहमीच्या खर्जात एक उंच स्वर मिसळतं, साधारण २२० ते ५२० हर्ट्झचा. तान्ह्या बाळाचं रडणं ३०० ते ६०० हर्ट्झमध्ये पडतं. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही या घुरघुरीत निकड जाणवली. आपण उठतो ते उगाच नाही.

आणि एवढ्याशा देहातून इतका खर्ज निघतो कसा? २०२३ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी, आजारपणामुळे गेलेल्या आठ मांजरांची स्वरयंत्रं मालकांच्या संमतीने घेतली आणि त्यांतून नुसती हवा सोडली. मेंदूची आज्ञा नाही, स्नायूंचं आकुंचन नाही, तरी २५ ते ३० हर्ट्झची घुरघुर उमटली. मांजराच्या स्वरतंतूंत जाडसर गाद्या असतात. त्यांच्या वजनाने तंतू सावकाश थरथरतात.

मांजराला स्वतःचं नाव कळतं का, यावर आमच्या टपरीवर नेहमी वाद होतो. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी २०१९ मध्ये याचं उत्तर दिलं, आणि त्यांची युक्ती इतकी सोपी आहे की मी ती घरी करून पाहिली. नावाइतक्याच लांबीचे चार शब्द थोड्या थोड्या अंतराने, एकाच सुरात म्हणायचे. मांजर हळूहळू कंटाळतं. मग त्याच सुरात नाव घ्यायचं. बकुळा गच्चीत पाण्याच्या टाकीवर ऊन खात पडली होती. मी जिन्यातून म्हटलं, ‘चमचा’. डावा कान माझ्याकडे वळला. ‘पायरी’. कान अर्धाच वळला. ‘भाकरी’. काही नाही. ‘कपडा’. डोळे पार मिटले. ‘बकुळा’. दोन्ही कान एकदम मागे फिरले, शेपटीचं टोक बोटभर उचललं गेलं आणि बाकीचं मांजर जसंच्या तसं पडून राहिलं. साइतो यांच्या प्रयोगातही बहुतेक मांजरांनी कान आणि मान एवढंच हलवलं होतं. हाक पोचते, नाव कळतं. उठून यायचं की नाही हा त्यांचा प्रश्न.

आता जिथे आपण चुकतो ते. ‘आमच्या गुंड्याने उशी फाडली की दार उघडताच तोंडावरून कळतं हो, कोपऱ्यात मान खाली घालून बसतो. चोराच्या मनात चांदणं!’ हे वाक्य मी किमान वीस जणांकडून ऐकलं असेल. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हे तपासलं. मालकाने खाऊ दाखवून ‘खायचा नाही’ असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्रा खाऊ खाई, कधी नाही. परतलेल्या मालकाला मात्र खरं सांगितलं जाईलच असं नव्हतं. निघालं असं की मान खाली, कान मागे, नजर चोरलेली हा चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर ठरत नव्हता. मालक रागावला की तो दिसे. काही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर तो सर्वांत ठळक होता. म्हणजे तो पश्चात्ताप नव्हता. समोरचा चिडलाय, त्याला शांत करावं, एवढीच त्याची धडपड. चार तासांपूर्वी फाडलेल्या उशीवरून कुत्र्याला ओरडलं, तर तुम्ही घरी आलात की भीती वाटते, इतकंच तो शिकतो. कृपा करून असं ओरडू नका.

त्यापेक्षा शेपटी बघा. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये ३० कुत्र्यांच्या शेपट्यांचं चित्रीकरण केलं. मालक दिसला की शेपटीचा झोका कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त जायचा, दांडगा अनोळखी कुत्रा दिसला की डावीकडे. डोळेही बघा. जपानच्या अझाबू विद्यापीठात २०१५ मध्ये दिसलं की मालक आणि कुत्रा एकमेकांकडे बराच वेळ टक लावून पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. बाळाला पाजताना आईच्या शरीरात वाढतं तेच हे संप्रेरक. माणसाने हाताने वाढवलेल्या लांडग्यांत असं झालं नाही.

हे सगळं महागड्या जातींपुरतंच आहे असं कुणाला वाटत असेल, तर आपल्याकडचं काम सांगते. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. २०१७ च्या त्यांच्या एका प्रयोगात अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना वारंवार खाऊ दिला आणि काहींच्या डोक्यावरून हात फिरवला. भरवसा अधिक बसला तो हात फिरवणाऱ्यावर. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री बघत आपण लहानाचे मोठे झालो. ती भटकीच असणार, असं मला नेहमी वाटत आलंय.

पण आपल्याकडे माया करायची म्हणजे खायला घालायचं. माझ्या जिवाला घोर लागतो तो इथे, कारण नाशिक ज्या दोन पिकांवर उभं आहे, ती दोन्ही या प्राण्यांना विष आहेत.

पहिलं द्राक्ष. जानेवारी ते मार्च घराघरात पेट्या येतात, आणि सोफ्यावर बसून दोन मणी तोंडात, एक खाली बसलेल्याच्या तोंडात हे आपसूक होतं. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. का होतात याचा दुवा बरीच वर्षं हाती लागत नव्हता. अमेरिकेतल्या विषबाधेच्या पशुवैद्यांकडे एका कुत्र्याची नोंद आली, ज्याने क्रीम ऑफ टार्टार (टार्टारिक आम्लाचाच क्षार) घालून मुलांसाठी मळलेली खेळण्याची कणीक खाल्ली होती, आणि त्याची मूत्रपिंडं द्राक्ष खाल्लेल्या कुत्र्यासारखीच बिघडली होती. त्यावरून २०२१ मध्ये त्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आपल्या वायनरींत काम करणाऱ्यांना हे आम्ल चांगलं ठाऊक आहे. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे ते कमी-जास्त होतं. माझ्या मावशीच्या दिंडोरीच्या मळ्यातला वाघ्या वर्षानुवर्षं गळालेली द्राक्षं खात आला आणि त्याला काही झालं नाही. ‘आमचा तर खातो की’ म्हणणाऱ्यांचं खोटं नसतं. पण अमुक मणी चालतील असं मोजमाप कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. खाल्ल्यावर साधारण दिवसभरात उलट्या सुरू होतात, कुत्रं मलूल पडतं, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाते. तोवर थांबायचं नाही. खाल्लं हे कळल्याबरोबर डॉक्टरांकडे न्यायचं, कारण पोटातून काढून टाकायला हाताशी थोडाच वेळ असतो. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं, म्हणून चिंचेची आमटीही नको.

दुसरा कांदा. लासलगावच्या या जिल्ह्यात कांद्याविना रस्सा होत नाही, आणि उरलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करून घालणं ही दारच्या जनावराची आपल्याकडची जुनी सोय आहे. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं लाल रक्तपेशींतल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात, पेशीत गुठळ्या होतात आणि पेशी फुटतात. गंधकाच्या ज्या जागांवर हा हल्ला होतो, त्या माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन, कुत्र्याच्या चार आणि मांजराच्या आठ असतात. मांजराला थोडाही कांदा बाधतो तो यामुळे. शिजवल्याने विष जात नाही, वाटून तर ते दिसतही नाही. परिणाम काही दिवसांनी दिसतो. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस होते, आणि तोपर्यंत रश्श्याची आठवणही कुणाला नसते.

गोडाचं एक सांगून टाकते. मांजराला गोड चव कळतच नाही. ती चव टिपणाऱ्या जिभेवरच्या ग्राहीसाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक निकामी झालंय, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. पेढा चाटला जातो तो खव्यातल्या स्निग्धांशासाठी.

आता त्या ‘आमचा ना’कडे परत येते. बकुळाची खोडी म्हणजे रात्री जेवणं आटोपली की एका उडीत फ्रिजवर चढून आम्हा सगळ्यांकडे वरून पाहत बसायचं. गेल्या हिवाळ्यात ते बंद झालं. नाशिकची थंडी, तिचं वय. मी म्हटलं, शहाणी झाली. टपरीवर मी हेच कौतुकाने सांगत होते, तर पगवाल्या काकू कप खाली ठेवून म्हणाल्या, ‘अगं, शहाणी कसली, दुखत असेल तिला.’

डॉक्टरांनी तपासायच्या आधी पंधरा मिनिटं फक्त प्रश्न विचारले. आधी कुठे चढायची? आता कुठे बसते? पाठ चाटते का? पायऱ्या एकेक उतरते की धावत? मला प्रत्येकाचं उत्तर देता आलं. एक्स-रेत दोन्ही कोपरांचे सांधे झिजलेले दिसले. बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहणारा एक अभ्यास २००२ मध्ये झाला होता, त्यात ९० मांजरांत संधिवाताच्या खुणा सापडल्या. पण मांजर लंगडून दाखवत नाही, विव्हळत नाही. ते आपली एखादी खोडी गुपचूप सोडून देतं. ती खोडी घरच्यांना ठाऊक नसेल, तर डॉक्टरांना सांगणार कोण? बोका वाळूत पुन्हा पुन्हा जाऊन नुसता कुंथत बसला तर मात्र विचार करत बसू नका, तेव्हाच न्या. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. ती पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच, एक गोळीही जिवावर बेतते.

बकुळाला औषध सुरू झालं. फ्रिजशेजारी मी एक स्टूल ठेवलं आणि घसरू नये म्हणून त्यावर तरटाचा तुकडा बांधला. चार दिवस तिने त्याचा नुसता वास घेतला. पाचव्या रात्री आधी स्टुलावर, मग फ्रिजवर, अशी दोन टप्प्यांत चढली आणि नेहमीच्या जागी बसली. अर्ध्या तासाने वरून एक म्याव आलं. लांब, सपाट, शेवटी जरासं खाली उतरणारं. दाराचं नाही, खाण्याचंही नाही. तेरा वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. मी वाटी दाखवली, दार उघडलं, ती जागची हलली नाही. शेवटी मी जवळ गेले तेव्हा तिने पुढचे दोन्ही पंजे माझ्या खांद्यावर ठेवले. चढणं जमत होतं, उतरताना कोपरांवर भार येत होता.

आता रोज रात्री साडेदहाला ते म्याव येतं, आणि घरातलं जे कुणी जवळ असेल ते उठून तिला खाली उतरवतं.