पंक्तिभेद ते पीएचडी: एटा फाल्कनर यांच्या कामामागचा इतिहास

कृष्णवर्णीय गणितज्ञ एटा फाल्कनर यांनी स्पेलमन कॉलेजात मुलींसाठी जे काम उभं केलं, त्याची गोष्ट एका पंगतीपासून सुरू होते. १९५१ साली अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतल्या गणितज्ञांची बैठक नॅशव्हिलला भरली. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका या संघटनेच्या तिथल्या शाखेने ती बोलावली होती. गावातल्याच, कृष्णवर्णीयांच्या फिस्क विद्यापीठातून चौघे गेले: गणिताचे गोरे प्राध्यापक ली लॉर्च आणि त्यांचे तीन कृष्णवर्णीय सहकारी. व्याख्यानं ऐकायला कुणाची आडकाठी नव्हती. रात्रीची पंगत मात्र फक्त गोऱ्यांची. सरळसरळ पंक्तिभेद! लॉर्च यांनी संघटनेच्या वरिष्ठांकडे लेखी निषेध नोंदवला.

त्या तिघांमध्ये एव्हलिन बॉईड होत्या, पुढच्या एव्हलिन बॉईड ग्रॅनव्हिल. गणितात पीएचडी मिळवलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया तेव्हा अख्ख्या अमेरिकेत तीनच: १९४३ साली युफेमिया हेन्स, मग येलमधून १९४९ साली बॉईड आणि त्याच सुमारास मिशिगनमधून मार्जरी ली ब्राऊन. येलची पदवी हातात असूनही बॉईडबाई फिस्कमध्ये शिकवत होत्या आणि त्यांच्या वर्गात मिसिसिपीतल्या टुपेलो गावची एक विद्यार्थिनी बसत होती. एटा झुबर, नंतरच्या एटा फाल्कनर.

एटा अवघ्या पंधराव्या वर्षी फिस्कला आली होती. गणित शिकायचं आणि शाळेत शिकवायचं, एवढाच तिचा बेत होता. फळ्यासमोर उभ्या असलेल्या बॉईडबाई पाहून तो बदलू लागला. पुढे शिकायला जा, असा लकडा लॉर्च यांनी लावला. (याच लॉर्च यांना पुढे अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून बोलावलं, त्यांनी उत्तर नाकारलं आणि १९५५ साली फिस्कची नोकरी गेली.)

विस्कॉन्सिन विद्यापीठातून एटा यांनी १९५४ साली एमएस केलं. पीएचडीसाठी मात्र तिथे थांबल्या नाहीत. त्या गोऱ्या जगात फार एकटेपणा होता. मिसिसिपीत परतून त्या ओकोलोनाच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागल्या. म्हणजे हुशारी होती, पदवी होती, आणि तरी वाट मध्येच तुटली. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या तुटलेल्या वाटेत आहे.

१९६५ साली त्या अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात आल्या. १८८१ साली एका चर्चच्या तळघरात अकरा विद्यार्थिनींवर सुरू झालेली, कृष्णवर्णीय स्त्रियांसाठीची ही संस्था. शेजारच्या एमरी विद्यापीठाची दारं कृष्णवर्णीयांना उघडून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. तिथून फाल्कनर यांनी १९६९ साली बीजगणितात पीएचडी घेतली. तीन मुलं, संसार आणि शिकवणं सांभाळत, वयाच्या पस्तिशीत.

१९७२ पासून दहा वर्षं त्या स्पेलमनच्या गणित विभागप्रमुख होत्या आणि त्यानंतर संपूर्ण विज्ञान शाखेच्या. 'मुलींनो, तुम्हाला जमेल' अशी भाषणं देऊन भागत नाही, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी व्यवस्था उभ्या केल्या. १९८७ साली नासाच्या मदतीने सुरू झालेल्या योजनेत नव्या विद्यार्थिनींना शिष्यवृत्ती मिळे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नासाच्या केंद्रांवर प्रत्यक्ष संशोधनाचं काम. मुलगी एकटी पडू नये, पैशाअभावी परत जाऊ नये आणि प्रयोगशाळा तिला परकी वाटू नये, या तिन्ही गोष्टी एकाच योजनेत बसवलेल्या. शर्ली मॅकबे या गणितज्ञ सहकाऱ्यानेही स्पेलमनच्या विज्ञान शाखेची घडी बसवण्यात मोठा वाटा उचलला होता. १९९५ साली राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने ज्या सहा संस्थांना आदर्श म्हणून निवडलं, त्यांत स्पेलमन होतं.

फाल्कनर २००२ साली गेल्या. स्त्री गणितज्ञांची संघटना आणि मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका मिळून दरवर्षी एका स्त्री गणितज्ञाचं व्याख्यान ठेवतात. २००४ पासून त्या व्याख्यानाला फाल्कनर यांचं नाव आहे. नॅशव्हिलची पंगत वाढणारी संघटना म्हणजे हीच मॅथेमॅटिकल असोसिएशन.