अमेरिकेत शोतोकान आधी कोणी नेलं?

वर्षानुवर्षं एकच ऐकतोय की अमेरिकेत शोतोकान, म्हणजे कराटेची एक जपानी शैली, 1961 ला निशियामा सेन्सेईंनी (सेन्सेई म्हणजे गुरू) नेली. अहो, तसं नाहीये. निशियामांचं काम मोठंच, त्यांनी त्याच वर्षी तिथं कराटे फेडरेशन उभं केलं, पण त्सुतोमु ओशिमा 1955 लाच लॉस एंजेलिसला पोचले होते, जपानच्या वासेदा युनिव्हर्सिटीत शिकलेले, शोतोकानचे जनक फुनाकोशी यांचे थेट शिष्य, आणि 1957 ला त्यांनी कॅलटेकमध्ये क्लब सुरू केला, म्हणजे इंजिनिअरिंग-फिजिक्सची पोरं पांढऱ्या गीमध्ये (कराटेच्या पोशाखात) अनवाणी किहोन, म्हणजे मूलभूत हालचालींचा सराव, करतायत! मला सगळ्यात भावतं ते हे, फुनाकोशींनी त्यांना पाचवा दान (ब्लॅक बेल्टची पाचवी श्रेणी) दिला, त्यापुढची ग्रेड ओशिमांनी कधी घेतलीच नाही, आणि त्यांच्या संघटनेतही पाचव्याच्या वर कोणी जात नाही.