खतावणी अर्धवट राहिली की संगणक अडतो

गेल्या पावसाळ्यात रात्री दहाच्या सुमारास मावसभावाचा फोन आला. तो तालुक्याच्या गावी शिक्षक आहे. विजा कडाडत होत्या, लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि त्यानंतर त्याचा डेस्कटॉप निळ्या पडद्यापुढे सरकेना. सिस्टिम रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) फाइल सापडत नाही किंवा तिच्यात चुका आहेत, असा इंग्रजी मजकूर आणि खाली ‘14सी’ने संपणारा कोड. “दुरुस्तीवाला म्हणतोय, फॉरमॅट मारावं लागेल. दादा, मुलांचे सगळे गुण त्यात आहेत रे.”

फॉरमॅट करू नकोस, हे मी त्याला आधी सांगितलं. गुणांच्या फाइल्स शाबूत असण्याची शक्यता दाट होती. बिघडली होती ती एक वेगळीच फाइल, आणि तिच्यावाचून विंडोजला पाऊल टाकता येत नाही.

असं का, ते पाहू. बटण दाबलं की मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच साठवलेला प्रोग्राम, जागं होतं. ते बूट मॅनेजर नावाचा छोटा प्रोग्राम सुरू करतं आणि तो लोडर सुरू करतो. लोडरला विंडोजचा गाभा आणि काही ड्रायव्हर, म्हणजे डिस्कसारखे भाग चालवणारे प्रोग्राम, मेमरीत आणायचे असतात. पण कोणते ड्रायव्हर आधी उचलायचे, ही यादी ‘सिस्टिम’ नावाच्या फाइलमध्ये असते. ही रजिस्ट्रीची फाइल, म्हणजे त्या संगणकाची खतावणीच. तीच वाचता आली नाही तर पुढचं सगळं थांबतं.

आणि फाइल बिघडली हे यंत्राला कळतं कसं? मला या सगळ्यात हाच भाग फार आवडतो. या फाइलच्या सुरुवातीला दोन क्रमांक असतात. लिहायला घेताना पहिला एकाने वाढतो, लिहून झाल्यावर दुसरा. दोन्ही सारखे असले तर नोंद पुरी झाली. पहिला पुढे आणि दुसरा मागे असेल, तर लिहिता लिहिता हात थांबला. शिवाय सुरुवातीच्या 508 बाइट्सवरून काढलेली एक बेरीजवजा खूणही तिथे असते, तीही जुळावी लागते. अर्धवट राहिलेलं पुरं करायचीही सोय आहे. पेढीवर आधी रोजकीर्द लिहितात आणि मग खतावणी करतात, तसं विंडोजही बदल आधी शेजारच्या लॉग फाइलमध्ये लिहितं. खतावणी चुकली तर कीर्दीवरून ती पुन्हा मांडता येते. म्हणूनच लाइट गेल्यावर बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही.

मग कधी कधी का बिघडतं? डिस्क ‘लिहिलं’ म्हणून कळवते, तेव्हा मजकूर तिच्या तात्पुरत्या मेमरीतच असू शकतो. त्या क्षणी वीज गेली तर कीर्द कोरी आणि खतावणी अर्धी, असं होऊ शकतं. डिस्कवर खराब सेक्टर (निकामी झालेला छोटा भाग) असला किंवा रॅम सदोष असली, तरी हाच परिणाम.

आता दुरुस्ती. विंडोज दोन-तीनदा सुरू होता होता अडलं की बहुधा आपणच दुरुस्तीच्या पडद्यावर येतं. न आलं तर दुसऱ्या संगणकावर किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या साधनाने इन्स्टॉलेशन ड्राइव्ह बनवायचा आणि त्यावरून संगणक सुरू करून दुरुस्तीच्या पडद्यावर यायचं. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागते. दुरुस्तीच्या पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून नोटपॅड सुरू करा. त्याच्या ‘ओपन’ खिडकीतून फोल्डर दिसतात आणि हव्या त्या फाइल्स पेनड्राइव्हवर कॉपी करता येतात. चेकडिस्क ही डिस्क तपासणारी आज्ञा चालवायच्या आधीच हे करावं, कारण मरणाला टेकलेल्या डिस्कला तो ताणही सोसत नाही.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा सगळं दुरुस्त करते, असं लोक धरून चालतात. ती विंडोजच्या मूळ फाइल्स तपासते आणि बिघडलेलीच्या जागी साठ्यातली चांगली प्रत ठेवते. त्या फाइल्स एकाच आवृत्तीच्या सगळ्या संगणकांवर सारख्याच असतात, म्हणून हे जमतं. रजिस्ट्री मात्र प्रत्येकाची वेगळी, तिची प्रत कारखान्यातून येत नाही. पूर्वी विंडोज ‘रेगबॅक’ फोल्डरमध्ये तिची नक्कल ठेवत असे, आणि ती उचलून जागेवर ठेवण्याचा सल्ला अजून दिला जातो. पण विंडोज 10च्या 1803 आवृत्तीपासून ही नक्कल आपोआप घेणं बंद झालंय. फोल्डरमधल्या फाइल्स बहुतेकदा 0 बाइटच्या असतात. त्या मूळ फाइलवर कॉपी केल्या, तर उरलीसुरली आशाही गेली. आकार पाहिल्याशिवाय तिथलं काही उचलू नका, आणि मूळ फाइल पुसण्याऐवजी तिचं फक्त नाव बदला.

आज खरा आधार आहे तो रिस्टोअर पॉइंटचा, म्हणजे विंडोजने जपून ठेवलेल्या आधीच्या स्थितीचा, कारण त्यात रजिस्ट्रीची प्रतही असते. भावाच्या संगणकावर आठ दिवसांपूर्वीचा एक पॉइंट सापडला. आधी गुणांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, मग तो पॉइंट निवडला. अर्ध्या तासाने त्याच्या पडद्यावर नेहमीचं डेस्कटॉप आलं. मधल्या आठवड्यात बसवलेला प्रिंटर तेवढा दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडावा लागला.