विळ्यावर चढणारं तांबं

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण (बुरशीवरची फवारणी) करताना एक जुनी परीक्षा असते. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), त्यात चुन्याची निवळी. मग घासून लख्ख केलेला विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला की समजायचं, चुना कमी पडला. मोरचूद लोखंडी बादलीत न भिजवण्याचं कारणही हेच.

पात्यावर तांबं चढतं तेव्हा लोखंड पाण्यात उतरत असतं. चीनमध्ये अकराव्या शतकात याच युक्तीने तांबं काढत. युरोपातल्या किमयागारांना मात्र वाटे, लोखंडाचंच तांबं झालं!

कोणता धातू पाण्यात उतरून कोणाला बाहेर काढतो, हे सांगणारी धातूंची रांग लागली ती एका वादातून. इटालियन वैद्य गॅल्व्हानीने १७९१ मध्ये बेडकाच्या तंगड्यांतली ‘प्राणीवीज’ जाहीर केली. त्याच्याच देशातला भौतिकशास्त्रज्ञ व्होल्टा, त्याला ते पटेना. वीज दोन वेगळ्या धातूंच्या स्पर्शातून येते, असं तो म्हणे. जोड्या लावून त्याने जस्तापासून चांदीपर्यंत क्रम ठरवला आणि १८०० मध्ये बॅटरीच उभी केली. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा, म्हणजे रांग आधी लागली; ती धातूंच्या इलेक्ट्रॉन सोडण्याच्या ओढीची आहे, हे कारण शतकभराने कळलं.

क्रमाचे आकडे करायचे तर अडचण अशी, की एकट्या इलेक्ट्रोडचं (द्रावणात बुडवलेल्या धातूचं) पोटेन्शियल, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याचा जोर, मोजताच येत नाही. मोजता येतो तो दोघांतला फरक. नाशिककराला हे समजावणं सोपं आहे. गोदेचा पूर आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरूनच सांगतो: गुडघ्याला लागला, छातीला लागला. इथे मारुतीच्या जागी हायड्रोजन, त्याचं पोटेन्शियल शून्य धरलेलं. त्याच्या तुलनेत जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, तांबं अधिक ०.३४, चांदी अधिक ०.८०. जुन्या अमेरिकन पुस्तकांत हीच चिन्हं उलटी दिसतात, कारण तिथे ऑक्सिडीकरणाचे (इलेक्ट्रॉन सोडण्याचे) आकडे देत. क्षपणाचे (इलेक्ट्रॉन घेण्याचे) द्यायचे हे आंतरराष्ट्रीय पातळीवर १९५३ मध्ये ठरलं. विद्यार्थ्यांचा निम्मा गोंधळ तिथलाच.

हे आकडे ठरावीक संहतीचे (द्रावणातल्या प्रमाणाचे), म्हणजे लिटरला १ मोल आयन (विरघळलेले विद्युतभारित कण) असतानाचे. संहती बदलली की पोटेन्शियल किती सरकतं, याचं सूत्र १८८९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ नेर्न्स्टने दिलं, आणि विळ्याचं कोडं तिथे सुटतं. चुना पुरेसा पडला की तांब्याचा हायड्रॉक्साइडसारखा न विरघळणारा साका होतो, पाण्यात मोकळे आयन जवळपास उरतच नाहीत, तांब्याचं पोटेन्शियल खूप खाली सरकतं, आणि विळा घातला तसाच पांढरा बाहेर येतो.